ई-कचऱ्याचे नियम आणि भारतीय उद्योग : पालनाच्या मापांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरची जुनी पाने चाळली, तर त्यांत एक ठरावीक शेरा पुनःपुन्हा आढळतो : वस्तू निकामी, निर्लेखन मंजूर, लिलावाने विक्री. मोडका बाक, गंजलेले कपाट आणि बंद पडलेला संगणक ही तिन्ही या एकाच शेऱ्याखाली संस्थेच्या दाराबाहेर पडत आली. १ मे २०१२ पासून मात्र यांपैकी तिसऱ्या वस्तूपुरता हा शेरा अपुरा ठरला. त्या दिवशी अंमलात आलेल्या नियमांनी सरकारी खाती, बँका व कंपन्या यांच्याबरोबर शैक्षणिक संस्थांनाही 'मोठे ग्राहक' मानले, आणि निकामी विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणे नोंदणीकृत व्यवस्थेच्याच हाती सोपवावीत व त्यांची नोंद ठेवावी, असे बंधन घातले. तेव्हा प्रस्तुत विषय हा केवळ कारखानदारांचा विषय नव्हे. तो आपल्या नोंदवहीतही येऊन पोहोचलेला आहे.

ई-कचऱ्यासंबंधी आजवर झालेले लेखन बहुधा दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात नियमांतील कलमांचा अनुवाद व क्रम असतो. दुसऱ्यात भंगारबाजारातील दैन्याचे व विषबाधेचे चित्रण असते. पहिल्यात नियम आहेत, पण ते पाळणारा दिसत नाही. दुसऱ्यात परिणाम आहेत, पण ते ज्या व्यवहारातून उद्भवले तो दिसत नाही. या दोहोंच्या मधला प्रदेश, म्हणजे उद्योगसंस्थांनी हे नियम प्रत्यक्षात कसे पाळले आणि त्या पाळण्याचे स्वरूप कालानुक्रमे कसे पालटत गेले, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा खरा प्रदेश होय. त्याचेच विवेचन येथे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. प्रत्येक टप्प्यावर नियमांनी पालनाचे एक माप ठरविले : आधी परवाना व पत्ता, मग वजन, आणि शेवटी प्रमाणपत्र. उद्योगांनी बहुतांशी जे मोजले गेले तेवढेच पाळले. जे मोजले गेले नाही ते, ते कितीही महत्त्वाचे असले तरी, पालनाच्या बाहेर राहिले. म्हणून ई-कचऱ्याच्या नियमपालनाचा इतिहास हा मुख्यतः मोजण्याच्या मापांचा इतिहास आहे.

२. जबाबदारीच्या कल्पनेचा उगम

जी वस्तू विकून झाली व जिची मालकी ग्राहकाकडे गेली, तिच्या अंत्यावस्थेची जबाबदारी उत्पादकावर का असावी? व्यापाराच्या जुन्या नीतीत या प्रश्नाला जागा नव्हती. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये त्या देशाच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या लेखनात ही जबाबदारी तत्त्वरूपाने मांडली. 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' हे तिचे नाव पुढे रूढ झाले. तिच्यामागील तर्क साधा आहे. वस्तू मोडण्याचा खर्च जर ती बनविणाऱ्यावरच पडणार असेल, तर तो ती सहज मोडता येईल अशीच बनवील. आणि जे विष शेवटी काढावेच लागणार, ते मुळात घालणार नाही. म्हणजे या कल्पनेचे मूळ उद्दिष्ट कचरा गोळा करणे एवढेच नव्हते, तर वस्तूची घडण पालटणे हे होते. पुढील विवेचनात हे उद्दिष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

ही कल्पना व्यवहारात उतरविताना देशोदेशी निरनिराळी मापे निघाली. स्वित्झर्लंडमध्ये उद्योगांनी स्वतःच १९९४ मध्ये संकलनाची व्यवस्था उभारली व १९९८ मध्ये तिला शासकीय अध्यादेशाचा आधार मिळाला. जपानने १९९८ मध्ये कायदा करून १ एप्रिल २००१ पासून चार घरगुती उपकरणांच्या पुनर्चक्रणाचे काम उत्पादकांवर सोपविले; खर्च मात्र वस्तू टाकून देणाऱ्या ग्राहकाकडून वसूल करण्याची पद्धत ठेवली. युरोपीय संघाने २७ जानेवारी २००३ च्या निर्देशाने दरवर्षी दरमाणशी चार किलो घरगुती ई-कचरा गोळा करण्याचे माप घातले. २०१२ च्या सुधारित निर्देशाने ते बदलून बाजारात आलेल्या मालाच्या शेकडेवारीवर नेले. मापाची ही चंचलता भारतापुरती नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

३. धोकादायक कचऱ्याच्या छत्राखाली : १९८९ ते २०१०

भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली व १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. ई-कचऱ्याविषयीचे सर्व भारतीय नियम या एकाच अधिनियमाच्या पोटी जन्मले. त्याखाली १९८९ मध्ये धोकादायक कचऱ्याचे नियम निघाले. त्याच वर्षी २२ मार्च रोजी धोकादायक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसंबंधीचा बासेलचा करार स्वीकृत झाला व १९९२ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. परंतु या काळातील नियमकर्त्यांच्या नजरेसमोर होता तो रासायनिक कारखान्यातील गाळ, तेल व राख. घरोघरी व कचेऱ्यांतून बाहेर पडणारा, एकेकटा निरुपद्रवी वाटणारा संगणक वा दूरदर्शन संच त्यांच्या कल्पनेत शिरलेला नव्हता.

तो शिरला नव्या शतकाच्या आरंभी. फेब्रुवारी २००२ मध्ये बासेल ॲक्शन नेटवर्क व सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन या दोन अमेरिकी संस्थांनी आशियात होणाऱ्या ई-कचऱ्याच्या निर्यातीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चीनमधील ग्वीयू गावाबरोबर भारत व पाकिस्तान यांचेही चित्र होते. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००३ मध्ये भारतातील संगणक-कचऱ्यावर स्वतंत्र अहवाल काढला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीने २००५ मधील देशातील ई-कचरा १,४६,८०० टन असावा असा अंदाज दिला. राज्यांत महाराष्ट्र व शहरांत मुंबई पहिल्या क्रमांकावर असल्याचेही त्यातून पुढे आले. २००५ च्याच सुमारास राज्यसभेचे महाराष्ट्रातील सदस्य विजय दर्डा यांनी ई-कचऱ्याच्या हाताळणीसंबंधी खासगी विधेयक मांडले. ते कायद्यात परिणत झाले नाही. परंतु स्वतंत्र कायद्याची गरज संसदेच्या पटलावर आली ती अशी.

मार्च २००८ मध्ये केंद्रीय मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीच्या धोकादायक कचऱ्याच्या सुधारित नियमांनी ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण करणाऱ्यास नोंदणी आवश्यक केली. या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, बंधन पडले ते केवळ मोडणाऱ्यावर. बनविणाऱ्याला अद्याप कोणी काही विचारीत नव्हते.

४. परवाना आणि पत्ता : २०११ चे नियम

१२ मे २०११ रोजी अधिसूचित होऊन १ मे २०१२ पासून अंमलात आलेल्या नियमांनी ही उणीव भरून काढली. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी भारतीय विधिव्यवस्थेत या क्षेत्रापुरती प्रथमच अवतरली. उत्पादकाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे, एकट्याने वा इतरांशी मिळून संकलनाची व्यवस्था करावी, तिचा खर्च सोसावा, संकलन केंद्रांचे पत्ते व दूरध्वनी ग्राहकांस कळवावेत, नोंदी ठेवाव्यात व दरवर्षी विवरणपत्र भरावे, असा हा क्रम होता. सूक्ष्म व लघु उद्योगांना यातून वगळले होते.

यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे किती गोळा करावयाचे याचा आकडा. परिणाम असा झाला की, उद्योगांच्या दृष्टीने पालन म्हणजे प्राधिकारपत्र मिळविणे, संकेतस्थळावर एक पान उघडणे, वस्तूबरोबरच्या माहितीपुस्तिकेत फुली मारलेल्या कचरापेटीची खूण छापणे आणि कोठेतरी संकलन केंद्राचा पत्ता दाखविणे. त्या केंद्रात वर्षभरात एकही वस्तू आली नाही, तरी नियमभंग सिद्ध करणे कठीण होते. टॉक्सिक्स लिंकने २०१४ मध्ये पन्नास उत्पादकांच्या पालनाचे जे मूल्यमापन केले, त्याच्या कसोट्याही मुख्यतः माहिती, पत्ता व संपर्क यांच्याच होत्या. आणि त्या सौम्य कसोट्यांनाही अनेक कंपन्या उतरल्या नाहीत. शिवाय प्राधिकारपत्र राज्यवार असल्यामुळे, अनेक राज्यांत माल विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक मंडळाच्या दारी अर्ज करावा लागे. कचेरीचे श्रम वाढले. कचऱ्याचा ओघ बदलला नाही.

या नियमांतील एक प्रकरण मात्र निराळे आहे व त्याची दखल घेतली पाहिजे. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त दोन ज्वालारोधक द्रव्यवर्ग यांचे प्रमाण एकजिनसी पदार्थात वजनी ०.१ टक्क्यापेक्षा व कॅडमियमचे ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे, ही अट १ मे २०१४ पासून लागू झाली. मोठ्या कंपन्यांना ती फारशी जड गेली नाही. याचे कारण भारतीय अंमलबजावणीच्या कठोरपणात शोधणे चुकीचे होईल. युरोपीय बाजारात अशाच मर्यादा १ जुलै २००६ पासून लागू असल्याने जागतिक पुरवठादारांनी आपल्या मालाची घडण आधीच पालटली होती. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जेथे नियमाने प्रत्यक्ष वस्तूतील द्रव्य मोजले, तेथे वस्तू बदलली. जेथे केवळ कागद मोजला, तेथे कागद वाढला.

५. वजन : २०१६ ते २०२२

२३ मार्च २०१६ रोजी अधिसूचित व १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनी दोन मोठे बदल केले. एक, उत्पादकाचे प्राधिकारपत्र आता केंद्रीय मंडळाकडून एकदाच घ्यावयाचे होते. दुसरा, संकलनाला आकडा आला. हा आकडा काढण्याची रीत अशी : उपकरणाचे सरासरी आयुष्य धरून, तितक्या वर्षांपूर्वी विकलेला माल यंदा कचरा होईल असे मानावयाचे, व त्याचा ठरावीक हिस्सा गोळा करावयाचा. समजा, शीतकपाटाचे आयुष्य दहा वर्षे धरले, तर दहा वर्षांपूर्वीच्या विक्रीवरून यंदाचे उद्दिष्ट निघते. मूळ नियमांत हे उद्दिष्ट आरंभीच ३० टक्के होते. ते झेपणार नाही अशी उद्योगांची तक्रार झाली, आणि २२ मार्च २०१८ च्या दुरुस्तीने ते २०१७-१८ साठी १० टक्क्यांवर आणून दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवीत २०२३ नंतर ७० टक्क्यांवर न्यावे, असे ठरले.

वजनाचे माप येताच पालनाचा धंदा निर्माण झाला. संकलनाचे काम कंपनीने स्वतः करण्याऐवजी ते 'उत्पादक जबाबदारी संस्था' या नव्या मध्यस्थांकडे दर किलोस अमुक रुपये या भावाने सोपविता येऊ लागले. आपल्याच नाममुद्रेची वस्तू परत आली पाहिजे असे बंधन नव्हते. तितक्या वजनाचा त्या प्रकारचा कचरा नोंदणीकृत कारखान्यात पोहोचल्याची पावती पुरे होती. कंपनीच्या अंतर्गत कारभारातही हा विषय ग्राहकसेवेच्या खात्यातून निघून कर व अनुपालन पाहणाऱ्या खात्याकडे गेला. व्यवस्थेच्या दृष्टीने हे सोयीचे होते. परंतु लिंडक्विस्ट यांच्या मूळ तर्काचा धागा येथेच तुटला. कारण सहज मोडता येणारी वस्तू बनविणारा आणि न मोडणारी वस्तू बनविणारा हे दोघेही आता दर किलोस सारखीच किंमत देणार होते.

या काळाची आकडेवारी अभ्यासकाने विशेष सावधपणे वाचली पाहिजे. २०२० च्या अखेरीस केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे ठेवलेल्या माहितीनुसार, २०१७-१८ मध्ये ७,०८,४४५ टन ई-कचरा निर्माण झाला. उत्पादकांचे संकलन-उद्दिष्ट ३५,४२२ टन होते व त्यांनी गोळा केले २५,३२५ टन. पुढील वर्षी निर्मिती ७,७१,२१५ टन, उद्दिष्ट १,५४,२४२ टन व संकलन ७८,२८१ टन. म्हणजे उत्पादकांच्या या खात्यावरून पाहता दुसऱ्या वर्षी निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी सुमारे दहावा हिस्साच हाती आला. परंतु विघटन व पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या खात्यावरून निघणारे आकडे वेगळे आहेत : २०१७-१८ मध्ये ६९,४१४ टन व २०१८-१९ मध्ये १,६४,६६३ टन. हे प्रमाण अनुक्रमे ९.८ व २१.३५ टक्के भरते.

एकाच वर्षाबद्दल एकाच मंडळाकडे ही दोन उत्तरे कशी? संपूर्ण उलगडा उपलब्ध आकड्यांवरून होत नाही. पण त्याची दिशा दिसते. पहिले खाते उत्पादकांच्या योजनेखाली गोळा झालेल्या मालाचे आहे. दुसऱ्यात कचेऱ्या व कारखाने यांच्या लिलावांतून थेट पुनर्चक्रणकर्त्याकडे गेलेला मालही येतो. आणि एकच माल आधी विघटनकर्त्याच्या व नंतर पुनर्चक्रणकर्त्याच्या विवरणात, असा दोनदा येण्याचा संभवही आहे. शिवाय निर्मितीचा आकडा हाही प्रत्यक्ष तोललेला नाही. तो उत्पादकांनी सांगितलेल्या विक्रीवरून काढलेला आहे. २०१७-१८ चा आकडा २४४ उत्पादकांच्या माहितीवर, २०१८-१९ चा १,१६८ उत्पादकांच्या, तर २०१९-२० चा १०,१४,९६१ टन हा आकडा १,३८० उत्पादकांच्या माहितीवर आधारलेला आहे. कचरा वाढला, हे खरेच; पण सांगणारे वाढले, हेही तितकेच खरे. जो अभ्यासक या आकड्यांची सरळ रेषा काढील, तो कचऱ्याचा नव्हे, तर नोंदणीचा आलेख काढील.

पुढील वर्षांत अधिकृत व्यवस्थेत प्रक्रिया झालेल्या मालाचा आकडा २०१९-२० मध्ये २,२४,०४१ टन, २०२०-२१ मध्ये ३,५४,५४० टन व २०२१-२२ मध्ये ५,२७,१३१ टन असा चढत गेला. शेवटच्या वर्षी निर्मिती १६,०१,१५५ टन धरली असल्याने हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. उत्पादकांवरील उद्दिष्ट तेव्हा ५० टक्के होते. दोन्ही शेकडेवाऱ्या काटेकोरपणे एकाच गोष्टीच्या नसल्या, तरी अंतर स्पष्ट आहे. तथापि चार वर्षांत नोंदलेली प्रक्रिया सातपटींहून अधिक झाली, हे नाकारता येत नाही. आकडा घातल्याने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

६. प्रमाणपत्र : २०२२ चे नियम

२ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी मोजण्याचे स्थान पुन्हा हलविले. उपकरणांची यादी एकवीस प्रकारांवरून एकशे सहा प्रकारांवर गेली. संकलन केंद्र, विघटनकर्ता व उत्पादक जबाबदारी संस्था यांना नोंदणीच्या चौकटीत स्वतंत्र स्थान राहिले नाही. कारखानदार, उत्पादक, नूतनीकरणकर्ता व पुनर्चक्रणकर्ता हे चारच घटक राहिले. 'मोठा ग्राहक' कोण याची व्याख्याही संस्थेच्या प्रकारावरून सुटून, वर्षात यादीतील निदान एक हजार नग वापरणारा, अशी संख्येवर आली. आरंभी उल्लेखिलेल्या महाविद्यालयांपैकी कित्येक त्यामुळे या व्याख्येबाहेर गेली असणार.

नवी रीत अशी. पुनर्चक्रणकर्ता कचऱ्यातून धातू काढतो व त्याची नोंद केंद्रीय मंडळाच्या संगणकीय व्यवस्थेत करतो. त्या उत्पादनाच्या प्रमाणात व्यवस्था त्यास प्रमाणपत्रे देते. उत्पादक ती विकत घेऊन आपले उद्दिष्ट फेडतो. हे उद्दिष्ट पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, २०२५-२६ पासून दोन वर्षे ७० टक्के व २०२७-२८ पासून ८० टक्के असे ठरले. प्रमाणपत्राचे आयुष्य ते ज्या आर्थिक वर्षात निघाले त्याच्या अखेरीपासून दोन वर्षे. उद्दिष्ट चुकल्यास पर्यावरणीय भरपाई. परंतु राहिलेले काम एका वर्षात पुरे केल्यास तिच्यातील ८५ टक्के, दोन वर्षांत ६० टक्के व तीन वर्षांत ३० टक्के रक्कम परत.

या रचनेचे गुण उघड आहेत. गोळा केलेला माल पुढे कोठे गेला, हा जुना संशय येथे मिटावा अशी अपेक्षा आहे. कारण मोजले जाते ते संकलन नव्हे, तर प्रक्रियेचे फळ. परंतु प्रत्येक मापाला आपली छाया असते. प्रमाणपत्रे निघतात ती मुख्यतः सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड या धातूंवर. जुन्या चित्रनलिकेची शिसेयुक्त काच, ज्वालारोधक मिसळलेले प्लास्टिक, शीतकपाटातील वायू यांची योग्य विल्हेवाट लावण्याचे बंधन पुनर्चक्रणकर्त्यावर आहे. पण त्यातून त्याला विकण्याजोगे काही मिळत नाही. वास्तविक तांबे व सोने कोणत्याही नियमावाचून भंगारबाजार काढीतच होता. नियमांची खरी गरज होती ती ज्यात पैसा नाही त्या अवशेषासाठी.

दुसरा धोका कागदाचा. प्लास्टिक वेष्टनांच्या बाबतीत अशीच प्रमाणपत्र-पद्धती थोडी आधी सुरू झाली होती. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटक या राज्यांतील काही पुनर्चक्रणकर्त्यांनी सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे निर्माण केल्याचे आढळून आले. ज्या कारखान्याची क्षमता प्रत्यक्ष जाऊन कोणी पाहत नाही, त्याच्या नोंदवहीत कितीही टन मावतात, हा धडा ई-कचऱ्यालाही लागू आहे.

७. किमतीचा वाद

प्रमाणपत्र विक्रीची वस्तू झाल्यावर त्याच्या भावाचा प्रश्न येणे अटळ होते. उत्पादकांना स्वस्तात स्वस्त प्रमाणपत्र हवे. पण भाव फार उतरला, तर धूर शोधणारी यंत्रे, सांडपाण्याची प्रक्रिया व कामगारांचे संरक्षण यांवर खर्च करणारा कारखाना टिकत नाही. टिकतो तो केवळ कागदावर प्रक्रिया करणारा. हे जाणून शासनाने २०२४ मध्ये प्रमाणपत्राच्या भावाला पर्यावरणीय भरपाईच्या ३० टक्के ही किमान व १०० टक्के ही कमाल मर्यादा घातली. घरगुती उपकरणांसाठी किमान भाव किलोस २२ रुपये झाला.

यावर दायकिन, हिताची, सॅमसंग व एलजी यांसारख्या कंपन्यांनी २०२४-२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. भाव ठरविणे हे शासनाचे काम नाही, तो बाजाराने ठरवावा, आणि या निर्णयाने आपला खर्च पूर्वीच्या कित्येक पट होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. असंघटित क्षेत्रातील घातक प्रक्रियेला आळा घालावयाचा तर नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यास रास्त मोबदला मिळालाच पाहिजे, अशी शासनाची बाजू. विधिदृष्ट्या कोणाची बाजू ग्राह्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने हा वाद उद्बोधक आहे. खर्च कित्येक पट वाढतो असे जेव्हा कंपनी म्हणते, तेव्हा ती पूर्वीच्या वर्षांत पालन किती स्वस्तात झाले याचीही साक्ष देते. तेवढ्या पैशांत खरोखर कोणते पुनर्चक्रण झाले असेल, हा प्रश्न त्या साक्षीतून आपोआप उपस्थित होतो.

८. नोंदवहीबाहेरचे जग

या सर्व काळात बहुसंख्य ई-कचरा ज्या वाटेने जात राहिला, ती वाट कोणत्याच मापात बसली नाही. दारावर येणारा भंगारवाला घरधन्याला पैसे देऊन वस्तू नेतो. त्याच्याकडून ती मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते. मुंबईत कुर्ला, साकीनाका व धारावी, दिल्लीत सीलमपूर, अशा बाजारांत ती सुटी होते. चालते भाग दुरुस्तीच्या दुकानांत जातात, तारा जाळून तांबे निघते, आणि मुद्रित मंडलांच्या पट्ट्या मुरादाबादेसारख्या ठिकाणी जाळून वा आम्लात बुडवून धातू काढले जातात. ज्याच्या फुप्फुसात हा धूर जातो, तो मजूर कोणत्याही विवरणपत्रात नाही.

या वाटेचे बळ केवळ अज्ञानात नाही, हे नियमकर्त्यांच्या उशिरा ध्यानात आले. भंगारवाला रोख पैसे देतो, घरपोच येतो, आणि वस्तूचा दुरुस्तीयोग्य भाग वाया जाऊ देत नाही. कंपनीचे संकलन केंद्र ग्राहकाकडून वस्तू नेऊन पोहोचविण्याची अपेक्षा करते व बहुधा काही देत नाही. अशा स्थितीत नोंदणीकृत कारखान्यालाही कच्चा माल पुष्कळदा याच बाजारातून घ्यावा लागतो. म्हणजे कागदावर परस्परविरोधी भासणाऱ्या दोन व्यवस्था व्यवहारात एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले आणि तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा ई-कचरा गोळा करून तो अधिकृत व्यवस्थेकडे पोहोचविण्याचे उपक्रम केले. वेचणाऱ्याचे कौशल्य ठेवावे व आम्लाचा हौद तेवढा काढून घ्यावा, हा मार्ग शक्य आहे, एवढे त्यावरून दिसते. पण नियमांच्या मुख्य रचनेत या दुव्याला २०२२ मध्येही नावाने स्थान मिळाले नाही.

९. उपसंहार

उपर्युक्त विवेचनाचा अर्थ, उद्योगांनी नियम पाळलेच नाहीत, असा करणे चुकीचे होईल. त्यांनी ते पाळले. पण ज्या मापाने त्यांना तोलले गेले त्या मापापुरते. २०११ नंतर पत्ते वाढले, २०१६ नंतर टन वाढले, २०२२ नंतर प्रमाणपत्रे आली. प्रत्येक माप आधीच्यापेक्षा अधिक नेमके होते, आणि तरीही दोन गोष्टी तिन्ही मापांतून निसटल्या : वस्तूची घडण आणि मजुराचा श्वास. पहिली ही मूळ कल्पनेचा हेतू होती; दुसरा हा भारतात नियमांची मागणी ज्या कारणाने झाली ते कारण होते. द्रव्यमर्यादांच्या प्रकरणात नियमाने वस्तूलाच हात घातला तेव्हा वस्तू बदलल्याचे आपण पाहिले. तेव्हा माप योग्य जागी लावले, तर उद्योग त्याप्रमाणे वळतो, हेही याच इतिहासाने दाखविले आहे.

या विषयाची साधने अद्याप पुष्कळशी अस्पर्श आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे २०१२ पासून जमा झालेली वार्षिक विवरणपत्रे, सरकारी खात्यांच्या व बँकांच्या लिलावांच्या जाहिराती, न्यायालयांतील प्रतिज्ञालेख आणि भंगार व्यापाऱ्यांच्या खरेदीच्या वह्या यांचा परस्परांशी ताळा घालून कोणी एखाद्या जिल्ह्यापुरता जरी इतिहास लिहिला, तरी वर दर्शविलेल्या दोन खात्यांमधील तफावतीचा काही अंशी उलगडा होईल. यांपैकी वह्यांचे आयुष्य सर्वांत अल्प. व्यापारी जागा बदलतो तेव्हा त्या रद्दीत जातात. पदव्युत्तर अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावयाचे, तर आरंभ त्या वह्यांपासून, आणि हाताशी असलेल्या आपल्याच संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरपासून करावा. निर्लेखनाच्या शेऱ्यापुढे संगणक कोणास विकला, त्याचे नाव बहुधा तेथे लिहिलेले असते.